काकींच्या हातची आंघोळ

"न्हाणवूचा आसा, बुडवूचा नाय!" शेजारच्या काकी बाळाच्या बापाला दटावायच्या, तेव्हा त्यांचं कोपर घंगाळात असायचं, पाणी किती कढत आहे ते पाहायला. आमच्या वाडीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर पालथी पडून न्हाली आहेत. तुमच्याही गावात अशी एखादी असेलच.

मग गुडघे गेले. लांबची बोलावणी परतवताना काकींचा चेहरा बघवत नसे. काकांच्या मागे त्यांची जुनी गाडी त्या हट्टाने शिकल्या, तर तिचं तेल गळायला लागलं. मेस्त्री म्हणाला, "ह्येच्यार तेलाचो नि वाळूचो थर बसलो आसा. गळता खंय ता दिसाक नको? आधी इंजिन धुवा."

त्यांच्या दिरांनी निकालच दिला. "वयनी, दसऱ्यापर्यंत गाडी रस्त्यार इली नाय तर भंगारात दितलंय."

धुवायच्या दिवशी दिरांनी गाडी खोपीबाहेर काढली आणि लगेच बागेच्या पंपाची नळी इंजिनावर रोखली. काकी मध्ये उभ्या राहिल्या. "भावजी, तापात पोराक कोण न्हाणयता? थंड होवंदे." आम्हा सगळ्यांना चहा पाजून त्यांनी थांबवून ठेवलं. मेस्त्रीने बॅटरीची वायर सोडली. हवेच्या फिल्टरचं तोंड, डायनामो, फ्यूजचा डबा यांना काकींनी दुधाच्या पिशव्या घट्ट बांधल्या. "कानात पाणी जाऊक नको," म्हणाल्या.

पंप तसाच राहिला. साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि तांब्याची बारीक धार. सांदीकोपऱ्यातला मळ त्यांची बोटं बरोबर हुडकत होती. शेवटी जुन्या लुगड्याने पुसून बॉनेट उन्हात उघडं ठेवलं.

"आता ओव्याची धुरी पण द्या!" दीर खिदळले.

इंजिन स्वच्छ झालं आणि वरच्या झाकणाखालून डोकावणारा तेलाचा थेंब स्पष्ट दिसला. मेस्त्रीने तिथलं रबर बदललं, पिशव्या सोडल्या, वायर जोडली. पण पाणी लागलेलं इंजिन आता बोलेल का, याची मला धास्ती होती. दिरांनाही असावी, कारण नारळ ठेवून त्यांनीच गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

काकींना कुठला धीर? त्यांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. गाऱ्हाणं अर्ध्यावरच राहिलं, पोराटोरांनी गलका केला आणि माझे डोळे भरून आले. काकी मात्र हॉर्न वाजवत थेट रस्त्याला लागल्या.

परवा मला नात झाली. मोठ्या तोऱ्यात काकींना बोलवायला गेलो, तर खोप रिकामी. पडवीत दीर सुपारी कातरत बसले होते.

"तारकर्लेक गेली. थंयसून आचऱ्याक जातली. तुका उद्याच गावतली."

कुणी असं परत पाठवल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.