बायकोसाठी निवडलेला फोन

चष्मेवाल्याची नजर दुकानात अचूक होती, घरात मात्र संशयी. बायको हाडांच्या दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. दर बुधवारी ती तासभर उशिरा यायची आणि येताना गुणगुणत यायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण तिचं गुणगुणणं त्याने याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

तिच्या आयफोनचा पासवर्ड त्याला ठाऊक नव्हता. तो मोबाइलवाल्याकडे गेला.

"आयफोन की अँड्रॉइड, कशात आपल्या हातात जास्त असतं?"

"आयफोनमध्ये बाहेरचं अ‍ॅप सहजासहजी बसत नाही. अँड्रॉइडमध्ये मालकाने परवानगी दिली की बसतं. मोकळीक जास्त, तशी जोखीमही."

"मालक म्हणजे?"

"ज्याचा फोन, तो!" मोबाइलवाला हसला.

चष्मेवाल्याने अँड्रॉइड घेतला, घरी आणायच्या आधीच त्यात बायकोचा ठावठिकाणा सांगणारं अ‍ॅप टाकलं आणि वाढदिवसाला तो तिच्या हातात ठेवला. "यात सगळं तुझ्या मर्जीने चालतं बघ," असंही वर म्हणाला.

बुधवारी नकाशावरचा ठिपका तरणतलावापाशी थांबला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान बंद करून तो तिथे धावला. जाळीतून पाहिलं, तर पाण्यात पन्नाशीच्या चार बायका होत्या आणि त्यांत त्याची बायको पाठीवर तरंगत खदखदून हसत होती. पुरुष असा कोणीच नव्हता. तरी त्याचं जळणं थांबेना. हे हसू घरी का नाही?

चार दिवसांनी फोननेच तिला कळवलं, की एक अ‍ॅप पाठीमागे सतत तिचं लोकेशन घेतंय. तिने फोन त्याच्यासमोर ठेवला.

"हे तुम्ही टाकलंत?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"अहो, विचारायचं होतंत! पोहायला शिकतेय. तुम्ही चेष्टा कराल, म्हणून बोलले नाही."

"चेष्टा नसती केली."

"मग सोबत आला असतात. काठावर बसून, कोण माझ्याकडे बघतंय ते मोजत."

ती जुन्या आयफोनकडे परतली आणि दोन महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलली. बुधवारचं पोहणं चालूच राहिलं. ती ओल्या केसांनी घरात शिरली, की आजही त्याच्या ओठांवर प्रश्न येतो. आता तो विचारतो, "पाणी गार होतं का गं?" आणि ती सांगेल ते ऐकून घेतो. जळणं काही गेलेलं नाही.