नागीण, गेरू आणि आमचा दवाखाना

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून वीस वर्षं काढली की औषधांची नावं विसरतात, पेशंट मात्र विसरत नाहीत. परवा मित्रांत कुणाला तरी नागीण झाल्याचं निघालं आणि मी सुरू झालो. चहा दोनदा सांगावा लागला!

तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. दुष्काळ मात्र जुनाच! आमचा दवाखाना जळकोटच्या अलीकडच्या एका गावात. डॉक्टर तरुण, एमबीबीएस, स्वभावानं शांत. नागिणीच्या प्रत्येक पेशंटला ते समजावून सांगायचे, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? त्यांचाच जंतू नसेत दडून बसतो. अंगातली ताकद कमी झाली की उठतो. नागबिग काही नाही."

पेशंट मान डोलवायचा, गोळ्या घ्यायचा आणि इथून सरळ कोंडामायकडे जायचा!

कोंडामाय ही गावातली गेरू ओढणारी म्हातारी. वाटीत गेरू कालवून ती फोडांच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची. मग म्हणे नागीण पुढं सरकत नाही. तिचा नियम एकच. नागीण निघाली की आधी गेरू ओढून घ्यायचा आणि मग पाच दिवस गावाची शीव ओलांडायची नाही. मधेच जायचं झालं तर ओढणारानं स्वतः "जा" म्हटलं तरच जायचं.

*

हणमंत टेलरला कमरेला नागीण झाली. तिचं तोंड आणि शेपटी मिळाली की माणूस संपतो, अशी गावाची पक्की खात्री. हणमंत रोज सकाळी स्वतःच्या कमरेला टेप लावून दोन टोकांतलं अंतर मोजायचा आणि दवाखान्यात येऊन सांगायचा, "डॉक्टर, आज साडेअठरा इंच राहिले!"

"अहो, ती एकाच बाजूला येते. पाठीचा कणा ओलांडत नाही. टोकं मिळणारच नाहीत."

पाचव्या दिवशी गडी रडवेला होऊन आला. "डॉक्टर, आज साडेसतराच भरले!"

डॉक्टरांनी बघितलं. फोड होते तिथंच, उलट सुकत आलेले. मग इंच गेला कुठं? हणमंत पाच दिवस भीतीनं धड जेवलाच नव्हता. कंबरच बारीक झाली होती!

*

आग थांबायला डॉक्टर गार पाण्याची पट्टी सांगायचे. गंगाबाईला सांगितली तर ती म्हणाली, "तीन दिवसाला टँकर येऊन राहिला, डॉक्टर. पाणी लेकरांला देऊ का नागिणीला?"

डॉक्टरांनी आमच्या माठाकडं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून गंगाबाई आमच्या बाकावर बसून आमच्याच माठातल्या पाण्याची पट्टी ठेवू लागली. आठवड्यात बाकावर सहा बाया! त्यातल्या चौघींना नागीण सोडा, साधी पुळीही नव्हती.

मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "आग होते म्हणतात ना? मग ठेवू द्या."

त्यांचं काय जातंय! माठ मी भरत होतो.

*

हरळी आणि तांदूळ वाटून लावला की गार वाटतं, असं नागीण झालेल्या आमच्या शाळेच्या गुरुजींनी ऐकलं. कोंडामायचा गेरू ते मानत नसत. डॉक्टर म्हणाले, "लावा, पण फुटलेल्या फोडांवर नको." पण त्या साली हरळी कुठली? रानात बघावं तिकडं माती. गुरुजींनी एसटी पकडली, थेट लातूर गाठलं आणि एका नव्या साहेबांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर उकिडवे बसले!

वॉचमन काठी घेऊन धावला. "काय करून राहिले, ओ?"

गुरुजी कसेबसे म्हणाले, "नागिणीला पाहिजे."

वॉचमननं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मंग जरा जास्तीची उपटा. मव्ह्या सासऱ्याला बी झाली हाय."

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. सखारामला कपाळावर नागीण आली, डोळ्याच्या वर. गेरू ओढून तो पाच दिवस घरात बसला आणि सहाव्या दिवशी आला. तो डोळा गेला. मला अजून वाईट वाटतं. त्या दिवशी डॉक्टरांचा डबा तसाच परत गेला.

संध्याकाळी ते कोंडामायच्या घरी गेले. "माय, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला की आधी माझ्याकडं पाठव. तिथं एकेक दिवस मोलाचा असतो."

कोंडामाय म्हणाली, "तुमच्या गोळ्या तुमच्यापाशी, मव्हा गेरू मव्ह्यापाशी."

*

महिन्याभरानं कोंडामायच दवाखान्याच्या दारात उभी! पदर डोळ्यावर ओढलेला. डॉक्टरांनी तो बाजूला केला. कपाळावर फोड, नाकाच्या शेंड्यावर एक, पापणी सुजलेली.

"माय, आत्ताच्या गाडीनं नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं. नाही तर डोळा जाईल."

"जाते की. पन गेरू ओढल्याबिगर शीव कशी ओलांडू? आन् आपला आपल्याला ओढता येत न्हाई."

"मग कोण ओढणार?"

"गावात दुसरं कोन हाय? तुम्हीच ओढा. आन् मंग मला जा म्हना."

खिडकीत निम्मं गाव जमलेलं. कंधारवरून जाणारी नांदेडची एसटी यायला अर्धा तास. मी म्हणालो, "डॉक्टर, उचलून गाडीत घालू!" त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"वाटी उकळा," ते म्हणाले. मी सुयांच्या भांड्यात वाटी उकळली. त्यांनी गेरू कालवला आणि फोडांपासून चार बोटं लांब, कानशिलाजवळ, रेघ ओढली.

"जा, माय," डॉक्टर म्हणाले.

नांदेडला मीच घेऊन गेलो. डोळ्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत. थेंब नीट घातले तर डोळा वाचेल." मला रडूच आलं.

मग त्यांचं लक्ष कानशिलाकडं गेलं. "आणि हे काय? कुठल्या भोंदूकडं गेला होता, आजी?"

कोंडामाय ताठ झाली. "भोंदू कामून म्हनता, सायेब? आमच्या डॉक्टरनं ओढला. एमबीबीएस हायेत."

"एमबीबीएस डॉक्टर गेरू ओढतो?"

"पैलीच बारी हाय त्याह्यची," कोंडामाय म्हणाली, "पन गुन बघा की! तुम्हीच म्हनले, डोळा वाचंल."