धारणीहून आलेली मंगलाष्टकं

माझ्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि तिकडे मेळघाटात, धारणीला मुलाकडे राहणाऱ्या आमच्या आत्याबाई ओसरीवर घसरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये. जीपमधून तो घाटरस्ता ओलांडून लग्नासाठी अमरावतीला येणं शक्यच नव्हतं.

आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं आत्याबाईच म्हणतात. शेवटचं कडवं त्या दर वेळी नवं रचतात, त्या मुलीसाठीच. माझ्याही लग्नात रचलं होतं. आता माझ्या लेकीला ते मिळणार नाही, या विचाराने मी अकोल्याच्या घरून निघताना गाडीत रडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याबाईंचाच फोन आला. "रडून काहून राह्यली वं? म्या म्हनून ठेवलंय समदं. पोरगा फोनवर धाडते."

पोराने, म्हणजे माझ्या आतेभावाने, फोनवर रेकॉर्डिंग करून पाठवायला घेतलं होतं, पण फाइल मोठी, ती तिथून निघतच नव्हती. तिथे रेंज म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात, तीही वारा येईल तशी. थेट फोनवरून म्हणायचं तर आवाज तुटत होता.

माझी वहिनी अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. हाताला मेंदी लागलेली, तशीच ती मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसली. मी तिच्या कानाशी फोन धरला. तिने आतेभावाला विचारलं, "रेकॉर्ड करताना सगळ्यात चांगल्या क्वालिटीवर ठेवलं होतंस ना? मूळ फाइल तशीच राहू दे. आता फोनमधलं मी सांगते ते ॲप उघड आणि तिची लहान प्रत काढ."

तो बिचारा गच्चीवर उभा राहून एकेक बटण सांगत होता, ही इकडून "हो, तेच" म्हणत होती. थोड्या वेळाने माझ्या फोनवर आत्याबाईंचा आवाज उतरला. अख्खी मंगलाष्टकं, शेवटच्या कडव्यासकट.

मी विचारलं, "कमी केलं म्हणजे काय कापलं गं? एकही शब्द गेला नाही."

"शब्द नाही कापत," वहिनी म्हणाली. "मोठा सूर लागला की त्याला लागून असलेला बारीक आवाज आपल्या कानाला कळतच नाही. मग तो साठवायचा कशाला? कान ज्याला दाद देत नाही ते आधी सोडायचं. उरलं त्यातलंही जे वारंवार येतं त्याला छोटी खूण द्यायची. फोटोचंही तसंच. उजेड-सावलीतला फरक डोळा लगेच टिपतो, रंगातला बारीक फरक तेवढा टिपत नाही. म्हणून रंग ढोबळ ठेवला तरी चालतं."

मी थक्क झाले. माणसाला काय ऐकू येत नाही, काय दिसत नाही, याचा कुणीतरी इतका बारकाईने अभ्यास केला होता! आणि त्या अभ्यासावर मेळघाटातून एक आवाज माझ्या हातात आला होता.

दुसऱ्या दिवशी अंतरपाटामागे माझी लेक उभी होती आणि कार्यालयाच्या स्पीकरवर आत्याबाई गात होत्या. नवं कडवं आलं, त्यात लेकीचं लहानपणचं लाडाचं नाव होतं. तिने मान खाली घातली. अक्षता टाकायचं भान मलाही राहिलं नाही.

पाय बरा झाल्यावर आत्याबाई अमरावतीला आल्या. वहिनीने ती फाइल लावून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"आवाज त माहाच हाय," त्या म्हणाल्या. "पन माह्या काचेच्या बांगड्या कुठी गेल्या? म्या ताल धरला व्हता ना मांडीवर."

वहिनी उडालीच. "आत्याबाई, फाइल फारच लहान करावी लागली. त्यात वरच्या पट्टीतले किणकिणते आवाज सगळ्यात आधी जातात. ते गेलेलं तुम्हाला बरोबर कळलं!"

मग तिने आतेभावाने आणून दिलेली मूळ फाइल लावली. गाण्यामागे बांगड्या किणकिणल्या. आत्याबाई खुलल्या. "हे पाहा वं! पन मले सांग, तवा हे मोठंवालं आलं असतं का लग्नात?"

"नसतं आलं."

"मंग बरं केलं तुवा," म्हणत त्यांनी वहिनीच्या पाठीवर हात फिरवला, आणि फोटो लहान कसा होतो तेही आत्ताच सांग म्हणून तिला शेजारी बसवून घेतलं. मी चहा ठेवायला उठले, तरी दोघींचं बोलणं चालूच होतं.