जुन्या चिरेत नवं पातं

शोभना साठेचं ‘बरं’ सासरी-माहेरी दोन्हीकडे प्रसिद्ध होतं. कुणी काही सांगायचा अवकाश, हिचं ‘बरं’ तयारच. मोठ्यांना उलटून बोलू नये, हे बाळकडू तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की नवऱ्यालाही ती मोठ्यांतच धरायची. याला गुण म्हणायचं की खोड, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मिरजेत मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली ही बाई लग्नानंतर आधी पुण्यात आणि मग जर्मनीत कार्ल्सरूहेला घरच सांभाळत राहिली. मुलगी शाळेत रमली, तेव्हा २०१४च्या उन्हाळ्यात तिला एका लहानशा वर्कशॉपमध्ये काम मिळालं. बँडसॉवर, म्हणजे गोल फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीवर, पोलादाचे बार कापायचे. लोकांना वाटतं, त्यात काय, बटण दाबलं की झालं. पण नवं पातं लावलं की पहिले काही काप हळू घ्यावे लागतात, कोऱ्या दात्यांची अणकुचीदार टोकं जरा बसू द्यावी लागतात. घाई केली की दाते उडालेच. दात्यांत अडकलेला कीस ब्रशने काढायचा, काम संपलं की पात्याचा ताण सैल करायचा. शोभना हे सगळं मन लावून करायची. इतक्या वर्षांनी हाताला तेलाचा वास येत होता आणि तिला तो फार आवडत होता.

नेमकी तेव्हाच तिच्या नवऱ्याला, जयंतला, ड्युसेलडॉर्फला बढती मिळाली.

“ऑक्टोबरमध्ये शिफ्ट होऊ,” तो म्हणाला. “तुझी अजून प्रोबेत्साइटच चालू आहे ना, कायम कुठे झालीस, जॉब सोडायला काही प्रॉब्लेम नाही.”

शोभनाच्या मनात ‘नाही’ आलं. तोंडाने मात्र ती “बरं” म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात एक जाड बार निम्मा कापून झाला असताना पातं तुटलं. वर्कशॉपचे मालक हेर ब्रेनर फोनवर गिऱ्हाइकाला समजावत होते. तिथूनच ते म्हणाले, “नवं लावा आणि आहे त्याच चिरेतून पुढे चालू करा, फ्राऊ साठे. ट्रक थांबलाय.”

शोभना थबकली. झिजलेल्या पात्याची चीर अरुंद असते. नवं पातं तिच्यात घातलं की अडकतं. बार फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूने कापायला घ्यायचं, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलेलं. पण मालकाला आपण कसं सांगायचं? तिने मान डोलावली, पातं चढवलं आणि जुन्या चिरेत सोडलं. कर्कश आवाज झाला. कोऱ्या पात्याच्या दात्यांची ओळच्या ओळ गेली.

ब्रेनर धावत आले. त्यांनी चीर पाहिली आणि कपाळाला हात लावला. “हे व्हायचंच होतं. मी घाईत बोलून गेलो.” मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही सांगितलं होतंत.”

आता मात्र ब्रेनर खरोखरच चिडले. “हे बघा, पात्याचं सोडा. मी चुकतोय हे तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही मला चुकू दिलंत. यापुढे तुम्ही हो म्हणालात तर मी काय समजायचं?”

ट्राममध्ये बसताना शोभना धुमसत होती. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! पण घराजवळचा ड्युर्लाखचा स्टॉप येईपर्यंत राग ओसरला आणि तिला लाज वाटू लागली. माणूस खोटं बोलत नव्हता. आपण ज्याला मान राखणं म्हणतो, त्यात समोरच्याला अंधारात ठेवणंही असतं, हे तिला आजवर कुणी सुनावलंच नव्हतं.

जेवताना जयंत म्हणाला, “सोमवारी क्युंडिगुंगचं पत्र देऊन टाक, जॉब सोडतेय म्हणून. फ्लॅटचं मी बघतो.”

“नाही देणार.”

जयंतचा घास हातातच राहिला. “अगं, तूच तर बरं म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. पण मला ते नको होतं. मला हे काम सोडायचं नाहीये, जयंत. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

तो चिडेल, या तयारीत ती होती. जयंत चिडला नाही. त्याने घास परत ताटात ठेवला.

“पुण्याहून इकडे यायचं ठरलं,” तो हळूच म्हणाला, “तेव्हाही तू बरं म्हणाली होतीस.”

“हो.”

“ते खरं होतं?”

सवयीने तिच्या ओठांवर ‘हो’ आलं. ते तिने गिळलं.

“नाही,” ती म्हणाली.