धाकटीखारची खार

कलियुगाची सगळी लक्षणं पुराणकारांनी लिहून ठेवली, पण वडापावाबरोबरची तळलेली मिरची एक दिवस मिळेनाशी होईल, हे त्यांच्याही नजरेतून निसटलं. रविवारी सकाळी खारघरच्या नाक्यावर मी मिरची मागितली. गाडीवाला म्हणाला, "संपली." धर्माला ग्लानी येते म्हणजे आणखी काय होतं? अशा खिन्न अवस्थेत आम्ही धाकटीखारचं जुनं स्टेशन पाहायला निघालो.

आम्ही म्हणजे मी आणि शेजारी सलीम. तो मूळचा उरणकडचा, स्कूटर त्याची, त्यामुळे टोमणे मारायचा हक्कही त्याचाच. जासईच्या पुढे जुन्या रुळांलगत हे स्टेशन आहे, या भागात रेल्वे पहिल्यांदा आली तेव्हाचं. गाडी आता तिथे थांबत नाही. जायचं तर सुट्टीच्या दिवशी सकाळीच जा. एरवी बंदराकडे निघालेल्या ट्रेलरांमध्ये दुचाकी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. शेवटचा रस्ता कच्चा आहे, वाटेत दुकान नाही. पाणी घरून न्या.

इमारत लहान, पण देखणी. घडीव काळा दगड, वर मंगलोरी कौलं, छज्ज्याला सागवानी टेके, तिकीटखिडकीवर पंख्यासारखी अर्धगोल कमान. आणि जोतं? पुरुषभर उंच! कारण आजूबाजूला खाडी. भरतीचं पाणी येणार, हे बांधणाऱ्याने गृहीतच धरलं होतं. म्हणून जोत्यात आरपार कमानदार मोऱ्या ठेवल्या होत्या. पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची. पुढची बाजू पाहायला वळलो आणि थिजलो.

संपूर्ण जोत्यावर एक भलीमोठी खार रंगवली होती. झुपकेदार शेपटीची, गुलाबी गालांची, हातात दाणा. खाली लिहिलेलं : सेल्फी पॉइंट.

"हे काय?" मी रंगकाम करून घेणाऱ्या मुकादमाला विचारलं.

"सुशोभीकरण, काका. नाव धाकटी खार ना? म्हणून छोटीशी खार."

"छोटीशी? अहो, हा 'खार' संस्कृत 'क्षार'वरून आला! खाऱ्या पाण्याला बांध घालून काढलेली भातजमीन म्हणजे खार!"

"बरोबर असेल. पण क्षार भिंतीवर काढायचा कसा?"

सलीम म्हणाला, "पंडित, दे आता उत्तर."

उत्तर आलं ते मागून. स्टेशनच्या पाठीमागे ज्यांचं घर आणि भाड्याच्या खोल्या आहेत, त्या दमयंतीताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "खारूतायचं सोडा ओ. भोकां कशाला बुजवली, ते ईचारा त्याला!"

मी पुन्हा पाहिलं. खारीचं पोट गुळगुळीत होतं. या बाजूच्या सगळ्या मोऱ्या सिमेंटने लिंपून टाकल्या होत्या.

"चित्राला प्लेन भिंत लागते," मुकादम म्हणाला.

"अन पान्याला काय लागतं रं?" ताई कडाडल्या. "आजूबाजूची खार मुरूम टाकून भरली, ही एकच वाट उरली व्हती. आता उधानाचं पानी माझे घरान येल. तुझी खार येल काय उपसाला?"

"पावसाआधी फोडा ना राव," सलीम म्हणाला.

"फोडलं तर चित्र जाईल. वर विचारावं लागेल."

मुकादमाने वर फोन लावला. वरच्याने आणखी वरच्यांचं नाव सांगितलं. खारीच्या डोळ्यात चमक भरायचं काम मात्र एक क्षणही थांबलं नाही. एवढी निष्ठा मोऱ्या साफ करताना कुणी दाखवली असती, तर मी स्वतः त्या माणसाची आरती केली असती!

ताईंनी आम्हाला जेवू घातलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. सुकट सलीमला, माझ्यासाठी वांगं. "भटजी दिसताय, नाय खानार," एवढं बोलून त्या मोकळ्या झाल्या. उंबऱ्यापाशी वाळूच्या गोणी आधीच रचल्या होत्या. पलंग विटांवर चढवलेला. पाऊस अजून यायचा होता.

संध्याकाळी परतलो. बायकोने विचारलं, "स्टेशन कसं होतं?" मी तासभर खारीवर बोललो, क्षारापासून शेपटीपर्यंत. ती हसली. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि माझं हसू मावळलं. आमची सोसायटीही कुणाच्या तरी खारीवरच उभी असणार. इथलं पाणी कुठून जायचं, ती वाट उघडी आहे की बुजली, मला माहीत नाही. ताईंना निदान माहीत आहे की पाणी कुठून येणार. मला तेवढंही माहीत नाही, आणि याची मला भीती वाटते.