निळसर खळ

परवा, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, शेजारणीने पतंग चिकटवायला पिठाची खळ शिजवली आणि त्या वासाने मला आमच्या छोट्या युद्धविरोधी मासिकाची पाकिटं आठवली. गोरव्यातल्या छापखान्यात छापलेले अंक मी कारेलीबागेतल्या घरी आणायचो आणि आई पाकिटं चिकटवायची. खळीला कीड लागू नये म्हणून ती चिमूटभर मोरचूद घालायची, त्यामुळे पाकिटाची कड निळसर दिसायची. एकदा आम्ही सीमेवर मुलगा गमावलेल्या एका वडिलांचं पत्र छापलं. ते सरकारी नोकरीत होते, म्हणून नाव छापणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता, आणि त्यांना टपालाने पाठवलेल्या अंकात मात्र मीच हौसेने चिठ्ठी घातली: ‘तुमचं पत्र छापलंय.’ पंधरा दिवसांनी ते पाकीट घेऊन घरी आले. “अंक फार उशिरा मिळाला, भाई,” एवढंच म्हणाले. आईने पाकीट खिडकीपाशी उजेडात धरलं. “ही खळ माझी नाही. हा पांढरा डिंक आहे. कोणीतरी उघडून परत चिकटवलंय.” माझी चिठ्ठी त्याच पाकिटात गेली होती. मग ते वडील म्हणाले, “सरकारला कळलंच आहे, तर पुढचं पत्र माझ्या नावानं छापा. मुलाचंही नाव घाला.” आता आमचं मासिक फोनवरूनच जातं. मध्ये कोणी उघडून बघतं का, असं मी परवा आईला विचारलं, तेव्हा तिने माझा फोन खिडकीपाशी उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.