कदमकाकांचे थर्मामीटर

पहिल्या भेटीत कदमकाकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नल्लकुंटा भागातल्या त्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, आणि ते समोरच्या घरातून चौकशीला आले होते. उंबऱ्यातूनच त्यांनी आमच्या चारी भिंती न्याहाळल्या. "टीचरबाई, थर्मामीटर नाही तुमच्याकडं? मग गरमी कळती कशी?"

"अंगाला कळते की," मी हसून म्हणाले. ते हसले नाहीत. माणूस चक्रम दिसतो, असं मी मनात ठरवून टाकलं.

त्यांच्या घरात भिंतीचा रंग दिसत नव्हता. पूर्वी दुकानदार दिवाळीला गिऱ्हाइकांना भेट द्यायचे ते पत्र्याचे थर्मामीटर सगळीकडे टांगलेले. मध्ये काचेची नळी, वर दुकानाचं नाव, कुठे उर्दूत, कुठे तेलुगूत, क्वचित मराठीतही. चष्म्याचं दुकान, सायकलचं, अत्तराचं. नारायणगुड्यात एखादं जुनं दुकान बंद होतंय असं कानावर आलं की काका पिशवी घेऊन हजर. "सामान नक्को, भिंतीवरचा तेवढा द्या." हातात आला की आधी नखाने नळी हलवून बघायचे. हलली तर त्यांचा चेहरा पांढरा पडायचा.

मधोमध साड्यांच्या दुकानाचा एक होता. मी सहज त्याला हात लावायला गेले तर ते ओरडलेच, "त्याला नक्को!" मग खाली बसून सांगू लागले.

"ही दुपारी म्हणली, मला कसंतरी व्हायलंय. मी ह्याच्याकडं बघितलं. म्हणलं, अडतीसच तर आहे, काय नाटक लावलीस? गप झाली बिचारी. चार वाजता उठवाय गेलो तर..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं. नळी पत्र्यावरून बोटभर खाली घसरल्यामुळे तो गरमी कमी दाखवत होता, हे त्यांना बायको गेल्यावर कळलं. "तवापासनं जमवायलोय, बाई. एक तरी खरं बोलणारा असंल."

पण एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाचाही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. ते बघताना मला त्या भिंतीची भीती वाटली.

मे लागला आणि टकटक सुरू झाली. रोज दुपारी दोनला. "ठीक हाय ना, बाई?" मी "हो काका" म्हटलं की निघून जायचे. शाळेला सुट्टी, नवरा दिवसभर तारनाक्याला कामावर, घरात मी एकटी. त्यांची भीती माझ्या अंगात शिरत चालली होती. दीड वाजल्यापासूनच मी घड्याळ बघत बसायचे. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "काका, मला काही होत नाही. आवाज दिला नाही तर झोपले आहे समजा." ते "हौ" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा दारात.

त्या मंगळवारी वीज गेली होती. पोळ्या लाटताना घाम एकाएकी थांबला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्याला धरून खाली बसले. टकटक ऐकू आली, पण जीभ उचलेना. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. आता काका झोपली असेल म्हणून परत जाणार. मीच तसं सांगून ठेवलं होतं!

नशिबाने कडी लावलेली नव्हती. दार ढकलून काका आत आले. समोरच त्यांनी मला दिलेला चष्मेवाल्याचा थर्मामीटर होता. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तळहात माझ्या कपाळावर ठेवला, माठातलं पाणी डोक्यावर ओतलं, जिन्यातून खालच्यांना हाका मारल्या. "बोला बाई, बोलत ऱ्हावा," असं दवाखान्यापर्यंत पुटपुटत होते. मी वाचले.

काका यंदा जानेवारीत गेले, थंडीत, झोपेतच. त्यांच्या मुलीने थर्मामीटर वाटून टाकले. साड्यांच्या दुकानाचा मी मागून घेतला. त्याची नळी मी वर सरकवलेली नाही.

खालच्या मजल्यावर सरोजाम्मा एकट्या राहतात. मे लागल्यापासून दुपारी दोनला मी त्यांचं दार वाजवते. त्या आतून तेलुगूत करवादतात, रोज रोज काय हे! करवादणं ऐकलं की मला हायसं वाटतं. पण ते ऐकू येईपर्यंत मी दाराबाहेर श्वास रोखून उभी असते. काका माझ्या दाराबाहेर रोज असेच उभे असणार.